ताईच्या कागदावरची मुलगी

आमच्या नाटक कंपनीत मावशी प्रॉम्प्टर होती, आणि इतक्या वर्षांत तिचा आवाज एकाही प्रेक्षकाने ऐकला नाही. विंगेत एक स्टूल, मांडीवर नाटकाची वही, कानाला दोऱ्याने अडकवलेला चष्मा. दुसऱ्या कंपन्यांतले प्रॉम्प्टर असे कुजबुजायचे की नायकाचं वाक्य नायकाच्या आधी तिसऱ्या रांगेला कळायचं. मावशी नुसते ओठ हलवायची. अक्षर न् अक्षर असं घडवून काढायची की वीस फुटांवरून, अर्ध्या उजेडात, घाबरगुंडी उडालेल्या नटालाही ते वाचता यावं. तिने मला किती वेळा वाचवलं ते सांगत बसले तर हा लेख माझ्याच फजितीचा होईल.

ती साठीची असावी. असावी म्हणते, कारण वय विचारलं की ती उठून जायची. हातात वही असलेला कोणीही परका माणूस तिला चालत नसे. करमणूक कराचा माणूस तिकिटं तपासायला आला की मावशी कपड्यांच्या पेटाऱ्यामागे जाऊन बसायची, आणि तो गेला हे दोघातिघांनी शपथेवर सांगितल्याशिवाय बाहेर यायची नाही. आम्ही हसायचो. कंपनीत प्रत्येकाची एक तऱ्हा असते. ही तिची, असं धरून चालायचो.

मग एका नव्या नाटकात सात-आठ वर्षांच्या मुलीचं काम निघालं. मुलांना रंगमंचावर उभं करायला परवाना लागायचा, आणि तो दहा वर्षांच्या आतल्या मुलाला मिळत नव्हता. मालकांनी एक चुणचुणीत पोर शोधून आणली आणि तालमीआधी तिला समोर उभी करून शिकवायला लागले. साहेब आला की काय सांगायचं? दहा. पुन्हा सांग. दहा. मालक वाईट माणूस नव्हता, पोरीच्या हातात खाऊही होता, आणि पोर मजेत होती. मावशीने वही मिटली, स्टुलावर ठेवली आणि ती तालमीतून चालती झाली.

मी मागोमाग गेले. कपडेपटात ती जमिनीवर बसली होती. मी पाणी दिलं, ते अर्धं सांडलं. नंतर दुपारभर ती बोलत राहिली. संध्याकाळी मी मालकांना जाऊन सांगितलं, मावशी हवी असेल तर त्या पोरीला घरी पाठवा. त्यांनी पाठवली, आणि तिचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण कंपनीत सगळ्यांत बुटकी मी. बाविसाव्या वर्षी दोन वेण्या घालून मी साठ प्रयोग बाहुलीसाठी रडत फिरले. ह्याबद्दल तुला सात जन्म माफी नाही, असं मी मावशीला दर प्रयोगाला बजावायचे.

त्या दुपारी तिने सांगितलेलं आता लिहायला हरकत नाही. ती गेली, आणि ज्यांच्यापासून ते लपवायचं होतं तेही कधीच गेले.

तिला तेव्हा घरात चिमी म्हणत. घर म्हणजे सूतगिरणीच्या मागच्या ओळीतली एक खोली. अशा चाळीस खोल्या एकमेकींना टेकून उभ्या, टोकाला सगळ्यांत मिळून एक नळ. खोलीत आई, ताई आणि चिमी. बाप बॉयलरवर कामाला होता. चिमीला त्याचा चेहरा आठवत नसे, खोकला तेवढा आठवायचा.

आई कताईखात्यात होती. तिथे खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत साचे उभे. एकेका साच्याच्या दोन्ही बाजूंना शेकडो चात्या गरगर फिरत असतात आणि प्रत्येक चातीवरच्या कांडीत सूत गुंडाळलं जात असतं. सूत सारखं तुटतं. तुटलं की साचा न थांबवता, फिरत्या चातीवरून टोक उचलून ते क्षणात सांधायचं असतं. त्याला बोटं लहान लागतात. साच्याखाली रुईचा भुगा साठतो, तोही साचा चालू असतानाच सरपटत जाऊन काढायचा. त्यालाही अंग लहान लागतं.

गिरणीची एक रीत होती. कुठे लिहिलेली नव्हती, पण भिंतीइतकी पक्की होती. जिच्यासोबत सूत सांधायला स्वतःचं मूल आहे, तिला साच्याच्या दोन बाजू मिळायच्या. नसेल तर एकच. आणि कताईखात्यातल्या बाईला खोली मिळायची ती दोन बाजू सांभाळत असेल तर. म्हणजे गिरणीने मुलं कामावर ठेवलेलीच नव्हती. आया आपापली घेऊन येत होत्या.

त्याच सुमाराला कायदा आला. नऊ वर्षांच्या आतलं मूल गिरणीत दिसता कामा नये. नऊ ते चौदाला अर्धाच दिवस काम, तेही डॉक्टरचा कागद असेल तर. डॉक्टर दात बघायचा, उंची घ्यायचा, अंगावरची एखादी खूण लिहायचा आणि शिक्का मारायचा. ताईला असा कागद मिळाला होता: वय नऊ पूर्ण, डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग. आईने तो कापडात गुंडाळून कोनाड्यात ठेवला होता.

कागद मिळून वर्ष होत आलं आणि ताई तापाने गेली. पाच दिवसांत सगळं आटोपलं.

ती गेल्याच्या चौथ्या दिवशी खात्याचा मुकादम दारात आला. बायका त्याला भोंगा म्हणायच्या, कारण साच्यांच्या घरघरीत त्याचा एक शब्द कुणाला ऐकू येत नसे तरी तो दिवसभर ओरडायचा. त्या दिवशी मात्र तो हळू बोलला. वाईट झालं म्हणाला, पोरगी हुशार होती म्हणाला, आणि जाता जाता म्हणाला की दुसरी बाजू आठ दिवसांपलीकडे मोकळी ठेवता येणार नाही.

चिमीला नुकतंच आठवं लागलं होतं.

आईने कागद बाहेर काढला. चिमीला भिंतीशी उभी करून ताईच्या उंचीची रेघ होती तिथे बघितलं. चार बोटं कमी पडत होती. तेवढं चालून जाईल, ती स्वतःशीच म्हणाली. मग मनगट. आईने चमचा चुलीत घातला. तो लाल होईपर्यंत दोघी त्याच्याकडे बघत बसल्या. आईने चिमीचा हात धरला, चमचा उचलला, आणि मग तो पाण्यात टाकला. चर्र आवाज झाला. त्यानंतर पन्नास वर्षं झाली तरी कुणी गरम तवा पाण्याखाली धरला की मावशी खोलीबाहेर जायची.

डागाऐवजी चिंधी बांधायची ठरलं. कुणी विचारलंच तर सांगायचं, परवा तिथेच पुन्हा भाजलं.

शेजारच्या खोलीत कांडीवाली काकू राहायची. नवरा इंजिनखात्यात, म्हणून त्यांना खोली. काकूचं काम भरलेल्या कांड्या काढून रिकाम्या लावायचं. तोंडाने फटकळ. मूलबाळ नव्हतं. ती आत आली, चिंधी बघितली, कागद बघितला आणि उंबऱ्यातच बसली.

"जिवंत पोरीवर गेलेलीचं नाव घालू नकोस ग," ती म्हणाली.

"मग तू दे एखादी," आई म्हणाली.

काकू उठून गेली. तो शब्द आईच्या तोंडून निघाला तसा परत घेता आला नाही, आणि दोघींचं बोलणं त्या दिवसापासून कामापुरतं उरलं.

मग तालीम सुरू झाली. मी तालीमच म्हणते. आई चूल फुंकता फुंकता अचानक विचारायची, नाव? चिमीने ताईचं नाव सांगायचं. वय? दहा पूर्ण, अकरावं चालू. बहीण आहे? होती, धाकटी, गेली. हे वाक्य तिच्या तोंडून नीट निघेना. कारण हे वाक्य म्हणताना मरायचं होतं तिनेच. आई म्हणायची, पुन्हा. झोपेतून हलवून विचारायची, नाव? ओळीतल्या सगळ्यांना सांगितलं होतं, ह्यापुढे हिला ताईच्या नावाने हाक मारा. नळावर कुणी ती हाक मारली की चिमी आधी मागे वळून बघायची, ताई आली की काय. मी आयुष्यभर राणीपासून भिकारणीपर्यंत सगळं केलं. पण एक वाक्य चुकलं तर घराचं छप्पर जाईल अशी भूमिका माझ्या वाट्याला आली नाही.

खात्यातल्या पहिल्या दिवसाचं तिला सगळ्यांत जास्त आठवायचं ते दात. जमीन अशी हादरत असते की तोंड मिटलं तर दातावर दात वाजतात. अनवाणी पायाखाली तेल. हवेत रुई तरंगती, नाकातोंडात जाणारी. डोक्यावरून चामड्याचे पट्टे फटक फटक धावणारे, आणि तिच्या अंगात ताईचाच झगा. आईने केस इतके आवळून बांधले होते की डोळे ताणले जात होते. दोन साचे पलीकडे मागच्या वर्षी एका पोरीची वेणी पट्ट्यात गेली होती. तिच्याबद्दल कुणी बोलत नसे. फक्त तिथून जाताना सगळ्या मुली हात डोक्यावर ठेवायच्या.

त्या घरघरीत आवाज चालत नाही. म्हणून तिथली माणसं ओठांनी बोलतात. शब्द तोच, फक्त आवाजाशिवाय, आणि ओठ जरा जास्त उघडून. चार साच्यांपलीकडची बाई दुसरीला घरातलं भांडण रंगवून सांगू शकते आणि मध्ये उभ्या असलेल्या मॅनेजरला पत्ता लागत नाही. भोंगा पाठमोरा झाला की खातंभर त्याच्या चालीवर हसणं चालायचं, आणि तो वळला की चाळीस तोंडं मिटलेली. चिमी महिनाभरात शिकली. मुलं पटकन शिकतात.

त्यातही एक पक्का नेम होता. ओठांवर खोटं बोलायचं नाही. आवाजात काय वाटेल ते बोला, साहेबाशी बोला, मुकादमाशी बोला, आपापसांत थापा मारा. पण ओठांवर येतं ते खरंच. कारण हात काढ, पट्टा निसटतोय, मागे हो, हे सगळं ओठांवरूनच यायचं, आणि ते वाचून विचार करत बसलेल्याचं बोट जायचं. गंमत म्हणून ओठांवर खोटी हूल दिलेल्या एका मुलीला तिच्याच आईने खात्यात सगळ्यांदेखत बडवलं होतं. त्यामुळे ओठ हलले की डोकं मध्ये यायचंच नाही. विचारलं की उत्तर आपोआप निघायचं.

गिरणी तपासायला पूर्वी एक म्हातारा साहेब यायचा. दोन दिवस आधी निरोप पाठवायचा, ऑफिसात चहा घ्यायचा, नाकाला रुमाल लावून एक चक्कर मारायचा. बायका म्हणायच्या, साहेब सूत बघत नाही, बुटाला रुई लागली का तेवढं बघतो. तो यायच्या दिवशी कागद नसलेली लहान पोरं रद्दी कापसाच्या खोलीत पोत्यांखाली जायची. त्या खोलीतून निघालेली मुलं पांढरीशुभ्र असायची, शिंकत, हसत. चिमीला त्यांचा हेवा वाटायचा. तिच्याकडे कागद होता. तिने लपायचं नव्हतं, उभं राहायचं होतं.

पोरांना धाकात ठेवायला आया सांगायच्या की साहेब लहान मुलाला पकडून नेतो आणि आईला तुरुंगात घालतो. त्यामुळे चिमी पट्ट्याला जेवढी भ्यायची त्याहून जास्त साहेबाला भ्यायची. पट्टा निदान आपल्याच जागी फिरत असतो.

नवा साहेब निरोप न पाठवता आला. फाटकातून आलाच नाही. सकाळच्या पाळीत कोळशाच्या गाड्यांच्या दाराने शिरला आणि भोंग्याने लपायच्या खुणेचं लाल फडकं हलवेपर्यंत खात्याच्या तोंडाशी पोचलासुद्धा. लहान पोरं उंदरांसारखी पळाली. दोघांना त्याने पळताना बघितलं. चिमी आईच्या साच्याशी उभी राहिली.

त्याने चार-पाच कागदवाल्या मुलांना एकेक करून बाहेरच्या बोळात बोलावलं. तिथे दार लोटलं की आवाज ऐकू यायचा. मॅनेजर शेजारी, भोंगा मागे. साहेब तरुणच होता, साध्या कोटातला, कोटाच्या बाहीवर कोळसा लागलेला. चिमीची पाळी आली. तिने कागद पुढे केला.

नाव? तिने ताईचं सांगितलं. वय? दहा पूर्ण, अकरावं चालू. बहीण? होती, धाकटी, गेली. ह्या वेळी वाक्य नीट बाहेर पडलं. मनगटाला काय झालं? पुन्हा भाजलं. साहेबाने चिंधीकडे हात नेला. त्याने चिंधीच्या गाठीला बोट लावलं, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि हात मागे घेतला. कागद परत दिला. जा म्हणाला.

ती आत आली. काम म्हणजे काम. सात धागे तुटून लोंबत होते. तिने दोन सांधले. आईने लांबून मान हलवून विचारलं, झालं? चिमीनेही मानेनेच सांगितलं, झालं. आई साच्याच्या पलीकडच्या बाजूला गेली. चिमीने तिसरा धागा धरला आणि सहज वर बघितलं.

साच्यांमधल्या वाटेच्या टोकाला साहेब उभा होता. मॅनेजर भोंग्याला काहीतरी सुनावण्यात गुंतला होता. साहेब चिमीकडे बघत होता. त्याचे ओठ हलले. साहेबलोक हलवतात तसे नाही. खात्यातल्या बायका हलवतात तसे, शब्द उघडून, स्वच्छ.

दमलीस?

हो, चिमीचे ओठ म्हणाले.

कितवं वर्ष तुला?

आठवं लागलं.

आणि कागदावरची?

ती ताई. ती गेली.

सूत सांधायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात हे होऊन गेलं. शेवटचा शब्द ओठांवरून सुटल्यावर तिला कळलं की आपण काय केलं. आईने पाठ करून घेतलं होतं ते आवाजात. ओठांचं कुणी काही शिकवलंच नव्हतं, कारण असा साहेब असेल हे कुणाच्या स्वप्नात नव्हतं. हा कुठल्या तरी साच्याखालीच वाढलेला होता; त्याशिवाय हे येत नाही.

मावशी म्हणाली, त्याचा चेहरा मी अजून विसरले नाही. तोही भ्यायल्यासारखा दिसला. मग मॅनेजरबरोबर निघून गेला. चिमीने आजूबाजूला बघितलं. आई पाठमोरी होती. थोड्या अंतरावर कांडीवाली काकू टोपली कमरेवर घेऊन उभी होती आणि रिकाम्या कांड्या बघत होती.

त्यानंतरचे आठ दिवस चिमीने कसे काढले ते तिलाही सांगता येईना. भोंगा जवळ आला की ती भुगा काढायला साच्याखाली शिरायची. कामावरून येताना प्रत्येक कोटवाला तोच वाटायचा. एकदा नळावर कुणीतरी मागून खांद्यावर हात ठेवला तर तिने भरलेली बादली सोडून दिली. आई खुशीत होती त्या दिवसांत. पोरीने साहेबाला कसं गुंडाळलं ते ओळीत सांगत फिरायची, माझी वाघीण म्हणायची. ते ऐकलं की चिमीला वाटायचं, आता सांगावं. आणि ती बादली उचलून नळावर जायची.

नवव्या दिवशी सुट्टी होती. टळटळीत दुपारी साहेब ओळीत आला. चाळीस दारांत माणसं उभी राहिली. तो आमच्याच दाराशी थांबला, मावशी म्हणाली, आणि मी भांड्यांच्या फळीखाली शिरले.

आईने आधी सगळं नाकारलं. मुलगी मोठीच आहे, अंगाने बारीक आहे, खायला मिळत नाही म्हणून बारीक आहे. साहेबाने ऐकून घेतलं. मग शांतपणे सांगितलं की हिची मोठी बहीण कुठल्या दिवशी गेली ते त्याने मृत्यूच्या नोंदवहीत पाहून ठेवलं आहे. खटला तो मॅनेजरवर करणार होता, आईवर नाही. पण मुलगी उद्यापासून खात्यात दिसता कामा नये.

आईचा आवाज बसला. तिने विचारलं, "कुणी सांगितलं तुम्हाला?"

फळीखालून चिमीला साहेबाचे फक्त बूट दिसत होते. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. बूट हलले नाहीत.

"मला दिसलं," तो म्हणाला.

"तुम्हाला काय दिसायचंय. कुणीतरी चुगली केल्याशिवाय वहीत बघायला कोण जातं?" आई म्हणाली. मग तिचा सूर उतरला. "साहेब, हिला बाहेर काढायचा कायदा तुमच्याकडे आहे. काढा. हिला काढल्यावर माझी बाजू जाते, खोली जाते. आम्हाला ठेवून घ्यायचा एखादा कायदा आहे का, तेवढं सांगून जा."

बूट उंबऱ्याकडे वळले.

"नाही," तो म्हणाला. "तो अजून झालेला नाही."

आणि गेला. खोटा धीर दिला नाही, एवढं मावशी त्याच्या बाजूने सांगायची. त्याची आई खात्यात होती का, त्याचं बोट कधी जाता जाता वाचलं होतं का, हे तिला कधी कळलं नाही. मॅनेजरला दंड झाला म्हणतात. तो त्याच्या खिशातून गेला नसेल.

रद्दीच्या खोलीत लपणारी पोरंही त्याच आठवड्यात खात्यातून बाहेर काढली गेली. ओळीतल्या सहा जणींची एकेक बाजू गेली, म्हणजे सहा खोल्या गेल्या. मग सगळ्यांना एकच प्रश्न: चुगली कुणी केली? आईला शोधावं लागलं नाही. त्या कागदावरून कोण बोललं होतं? कोण उठून गेलं होतं? कुणाचं काही जाणार नव्हतं?

नळावर आईने काकूला गाठलं. आईच्या तोंडून काय काय निघालं ते मावशीने मला सांगितलं नाही. वांझोटी हा त्यातला सगळ्यांत सौम्य शब्द, एवढंच म्हणाली. चिमी बादली धरून उभी होती. काकूने आपली बादली भरू दिली. नळ बंद केला. कमरेला बादली लावली.

"हो, मीच सांगितलं," काकू म्हणाली. "काय करायचं ते कर."

त्या दिवसापासून काकूशी ओळीतलं कुणी बोललं नाही. ती नळावर आली की बाकीच्या बाजूला व्हायच्या. तिच्या दारात कुणी राख टाकली, कुणी काय. खात्यात तर वाईट. तिथे कुणी तिच्याकडे बघेचना, आणि जिच्याकडे कुणी बघत नाही तिला धोका कळवणार कोण? हे चिमीला कळत होतं. महिनाअखेरीला खोली सोडायची होती. तोवर तीन आठवडे ती रोज ठरवायची, आज सांगू. रोज आईच्या चेहऱ्याकडे बघून ते उद्यावर ढकलायची. काकू खोटं का बोलली हे तिला समजत नव्हतं, आणि विचारायचं तर काकूच्या दारात जायला लागलं असतं, आईदेखत.

पुढे आईला आमच्याच कंपनीत कपडे धुवायचं काम लागलं, त्याआधी दोन ठिकाणी तिने भांडी घासली. मावशी पडद्यामागे वाढली, वाचायला शिकली, स्टुलावर बसली. आई म्हातारी होऊन गेली. शेवटपर्यंत काकूचा विषय निघाला की थुंकायची. मावशीने तिला खरं सांगितलं नाही. का नाही, हे मी विचारलं तेव्हा तिने मला शेवटचा दिवस सांगितला.

खोली सोडायचा दिवस. हातगाडीवर सामान: एक ट्रंक, भांडी, अंथरुणं, आणि त्यांच्यावर मागे तोंड करून बसवलेली चिमी. आई पुढे, दांडी छातीशी घेऊन ओढत होती. ओळीतल्या बायका काही पावलं सोबत आल्या आणि परतल्या. काकू आपल्या दारात उभी होती, एकटी. गाडी तीस-चाळीस पावलं पुढे गेली. चिमीने आईच्या पाठीकडे बघितलं. मग ओठ उघडले.

मी सांगितलं. साहेबाला. मीच.

काकूने दाराची चौकट धरली. इतक्या लांबूनही तिचे ओठ लख्ख दिसत होते.

माहीत आहे. मी बघत होते.

चिमीला रडू फुटलं. ती म्हणाली, आईला सांगते.

नको. काकूने मान हलवली. तिला कुणावर तरी चिडू दे. माझ्यावर चिडली तर मी माझं दार लावून घेते. तुझ्यावर चिडली तर तू कुठे जाशील?

गाडी वळणाला लागली. भिंत मध्ये आली आणि ओळ दिसेनाशी झाली. आईने दांडी न सोडता, मागे न बघता विचारलं, एवढं काय बघतेस ग?

"काही नाही," चिमीने मोठ्याने सांगितलं.